चीन-इंग्रज भांडण: मानपान किती, माल किती?

संस्कृती न कळल्याने देशांमध्ये भांडणं होतात, हे सांगताना चीनला गेलेल्या मॅकार्टनी या इंग्रज वकिलाचा (राजदूताचा) दाखला दिला जातो: बादशहापुढे वाकायचा रिवाज त्याने पाळला नाही. मला तोच दाखला उलटा वाटतो.

१७९३ मध्ये लॉर्ड मॅकार्टनी चीनच्या छिएनलुंग बादशहापुढे गेला. रिवाज असा, की तीनदा गुडघे टेकायचे आणि नऊ वेळा कपाळ जमिनीला लावायचं. त्याने एकच गुडघा टेकला. त्याचं सामान वाहणाऱ्या होड्यांवर ‘इंग्रजांची खंडणी’ अशा अर्थाचे झेंडे होते. ते त्याला कळलं होतं, त्याने काणाडोळा केला. म्हणजे गैरसमज म्हणावा तर तोही नाही.

तो मागत होता निंगपोसारखी बंदरं, चूशानजवळ एखादं छोटं बेट, राजधानी पेकिंगमध्ये कायमचा वकील, जकातीत सूट. कितीही वाकला असता तरी हे मिळणार नव्हतं. पाठोपाठ १७९५ मध्ये डच वकील पोचले, सांगतील तितक्यांदा वाकले आणि तेही हात हलवत परतले.

मॅकार्टनीबरोबर १२ वर्षांचा जॉर्ज स्टॉन्टन होता. तो बादशहाशी चिनीत बोलला, बक्षीस म्हणून बटवा मिळवला. पुढे त्याने चीनचा दंडविधान इंग्रजीत आणला. चीन त्याच्याइतका जाणणारे इंग्रज फार थोडे होते. पण १८१६ मध्ये चीनला गेलेल्या इंग्रज वकिलातीत ‘वाकू नका’ हा सल्ला त्याचाच, आणि १८४० मध्ये पार्लमेंटात चीनविरुद्धच्या युद्धाच्या (पहिल्या अफू युद्धाच्या) बाजूने बोलणाराही तोच! (आग्र्याचा दरबार आठवा. महाराजांना मागे उभं केलं, त्याचा अर्थ दोन्ही बाजूंना चांगलाच कळत होता.)

१८४१ मध्ये अमेरिकेचे माजी अध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स यांनी व्याख्यानात सांगितलं, की युद्धाचं खरं कारण ते कपाळ टेकणं, अफू नव्हे. मानपानाचा मुद्दा असा फार सोयीचा असतो. १८३९ मध्ये चिनी अधिकारी लिन झशू याने बहुतांशी इंग्रज व्यापाऱ्यांच्या अफूच्या २०,००० हून अधिक पेट्या नष्ट केल्या होत्या, त्याबद्दल बोलायला नको. त्या व्यापारात आपला मुलूखही होता: शिंदे-होळकरांच्या माळव्यातली अफू मुंबई बंदरातून तिकडे जाई.

युद्ध संपवणाऱ्या १८४२ च्या नानकिंग तहात अधिकाऱ्यांनी बरोबरीच्या नात्याने पत्रव्यवहार करावा, असं कलम आहे. मानपान म्हणायचा तर तेवढाच. बाकी पाच बंदरं, त्यांत निंगपो आलंच. २ कोटी १० लाख डॉलर. आणि बेट, फक्त चूशानजवळचं नाही, हाँगकाँग.