पणजीच्या फोंतेन्हास या जुन्या वस्तीत बार आणि खाण्याची गाइडबरोबरची पायी फेरी घ्यावी का, की आपलं आपण फिरावं?

तुम्ही चौघं पुण्याहून दोन दिवसांसाठी येताय, जुनी तावेर्नं, म्हणजे घरगुती छोटे बार, बघायचीत, फेणी चाखायचीय आणि तीन तासांत पाच ठिकाणं दाखवणाऱ्या फेरीचे पैसे वसूल होतील का, असं विचारलंय. तीन तासांत पाच असतील तर घेऊ नका. हे मी कुणाचे अभिप्राय वाचून सांगत नाही. अशा एका फेरीच्या पाच ठिकाणांपैकी एक ठिकाण तीन महिने आमचं होतं.

मळा नावाच्या भागाच्या बाजूला, फोंतेन्हास संपता संपता, माझ्या बाबांचं तावेर्न होतं. घराची पुढची खोली, चार टेबलं, भिंतीला लागून एक बाकडं. फळीवर काचेचे दोन मोठे गराफांव, एकात काजूची फेणी, दुसऱ्यात माडाची. शेजारी एक बरणी, तिच्यात दुखशिरीचं मूळ घातलेली. (तुमच्याकडे त्या मुळाला अनंतमूळ म्हणतात.) पोट बिघडलं की शेजारच्या बायका त्यातली दोन चमचे मागायला यायच्या. बाहेर पाटी नव्हती आणि तिची कधी गरजही पडली नाही. सकाळी अकराला उघडायचं, दीडला दार बंद, मग बाबांची झोप, आणि संध्याकाळी साडेसहाला पुन्हा दिवा लागायचा.

येणारे पंधरा-वीस जण, सगळे ठरलेले. कुणी छापखान्यातला, कुणी फेरीबोटीवरचा, कुणी कोर्टातला कारकून. एक तारवटी होते, म्हणजे जहाजावर नोकरी केलेले. मी त्यांना तियू, म्हणजे काका, म्हणायचे. बत्तीस वर्षं समुद्रावर काढून आलेला माणूस. खिडकीजवळची खुर्ची त्यांची. ते दारात दिसले की बाबा न विचारता कोप, म्हणजे फेणीचा ग्लास, भरून ठेवायचे, सोबत मीठ लावलेली कैरीची फोड नाहीतर उकडलेले चणे. दोन कोप, दीड तास, चार वाक्यं. मग "फाल्यां येतां, पात्राव" म्हणून निघायचे. फाल्यां म्हणजे उद्या, पात्राव म्हणजे मालक.

२०१४ च्या पावसाळ्यानंतर एक गाइड आला. तरुण मुलगा, बोलायला चांगला. दर मंगळवारी आणि शुक्रवारी साडेपाचला दहा-बारा माणसं आणतो म्हणाला. बाबा का-कू करत होते. दादा तेव्हा पुण्याहून दिवाळीला आला होता. त्याने बाबांना पटवलं की गिऱ्हाईक आपल्या पायांनी चालून येतंय, नाही कशाला म्हणायचं. बाबांनी होकार दिला. त्यासाठी आठवड्यातून दोनदा झोप मोडून तासभर आधी दार उघडायचं ठरलं. वय सत्तर. मला तेव्हाच ते खटकलं होतं आणि मी गप्प बसले, हे अजून टोचतं.

पहिल्याच दिवशी गाइडने आमच्या उंबऱ्यावर उभं राहून भाषण केलं. बाहेरच्या रस्त्याला ३१ जानेवारी नाव का, तर म्हणे १६४० साली त्या दिवशी पोर्तुगाल स्पेनच्या ताब्यातून सुटला. तो दिवस १ डिसेंबर. ३१ जानेवारी ही १८९१ सालच्या पोर्तु शहरातल्या उठावाची तारीख. राजेशाहीविरुद्धचा प्रजासत्ताकवाद्यांचा पहिला उठाव, त्याच दिवशी चिरडला गेलेला. बाबा आल्तिनो टेकडीवरच्या लिसेवात, म्हणजे पोर्तुगीज शाळेत, शिकलेले, त्यांना हे पाठ होतं. लोक गेल्यावर त्यांनी त्याला बाजूला घेऊन शांतपणे सांगितलं. शुक्रवारी तो पुन्हा १६४० च सांगत होता. पुढे म्हणाला, फोंतेन्हास युनेस्कोच्या यादीत आहे. त्या यादीत १९८६ पासून आहेत ती जुन्या गोव्यातली चर्चं आणि मठ. आमचा वाडा, म्हणजे ही वस्ती, नाही. ज्या गावाची ओळख करून द्यायचे तुम्ही पैसे घेता, त्या गावाबद्दल चूक कळल्यावरही तीच सांगत राहणं मला अक्षम्य वाटतं.

पण बाबांना खरं लागलं ते फेणीचं. गाइड स्वतःचे प्लास्टिकचे इवलेसे पेले घेऊन यायचा. पाच कोपांची ऑर्डर, ती बारा जणांत वाटायची, आणि सगळ्यांनी एकदम घशाखाली ओतायची. तोंडं वेडीवाकडी व्हायची, हशा व्हायचा, फोटो निघायचे. निम्मे पेले तसेच टेबलावर. एकाने तर दारातल्या गटारात ओतली.

माझं आजोळ दोडामार्गचं, गोव्याच्या हद्दीपलीकडे महाराष्ट्रात. काजूच्या बागांत वाढलेय, म्हणून सांगते की त्या पेल्यात काय असतं. बोंडू, म्हणजे काजूची फळं, झाडावरून तोडायचे नसतात. पिकून गळलेलेच वेचायचे, फेब्रुवारी संपता संपता सुरू होऊन मेपर्यंत, उन्हाच्या आत, वाकून वाकून. बी पिळून वेगळी करायची, बोंडू कोळंबीत, म्हणजे तुडवायच्या कुंडात, तुडवायचे, रस मडक्यांत आपोआप आंबू द्यायचा. त्यात ना साखर ना यीस्ट. मग भाटीवर चढवायचा. पहिल्यांदा गाळून निघतो तो हुर्राक, साधारण पंधरा टक्क्यांचा. तो पुन्हा गाळला की चाळिशीच्या पुढे जाते ती फेणी. गाइड हुर्राकला "पाणी घातलेली फेणी" म्हणायचा! हद्दीच्या अलीकडे याच फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, २०१६ साली सरकारने तिला राज्याचं वारसा पेय ठरवलं, आणि पलीकडे आमच्या आजोळी तेच बोंडू बी काढून झाल्यावर झाडाखाली कुजत पडायचे. बाबा दरवर्षी सत्तरी तालुक्यात स्वतः जाऊन गराफांव भरून आणायचे. तिथे एका ग्लासातून दुसऱ्यात उंचावरून ओतून फेस किती वेळ टिकतो ते बघायचे, तळहातावर घासून वास घ्यायचे, मगच पैसे मोजायचे. त्या माणसाच्या डोळ्यांदेखत ती गटारात गेली.

आणि मग तियू. दुसऱ्या आठवड्यात गाइडने त्यांच्याकडे हात करून "हे आमचे जुने दर्यावर्दी" असं सांगितलं आणि पेला वर धरायला लावला. तियू भिडस्त, त्यांनी धरला. पुढच्या मंगळवारी पुन्हा. शुक्रवारी पुन्हा, आणि या वेळी एक बाई फोटोसाठी त्यांच्या खुर्चीच्या हातावर येऊन बसली. त्यांनी अर्धा कोप तसाच ठेवला, "फाल्यां येतां" म्हणाले आणि गेले. उद्या आले नाहीत. परवाही नाहीत. बाबा दोन रविवार वाट बघून त्यांच्या घरी गेले, तेव्हा ते एवढंच बोलले, "हांव बसूंक येतालों, पात्राव." मी बसायला यायचो. त्यांच्यामागून छापखान्यातले थांबले, कोर्टातले थांबले. भांडण नाही, तक्रार नाही, फक्त येईनासे झाले.

जानेवारीत बाबांनी गाइडला हात जोडून सांगितलं, आता नको. दादाने फोनवर आकांडतांडव केलं. चालत आलेली लक्ष्मी घालवली, हे वाक्य तो आजही प्रत्येक गणपतीला बोलतो.

आता तुमचं. खाणं चालता चालता होतं, त्याला गाइड लागत नाही. सकाळी कॅफे टाटोत नाहीतर कॅफे भोसलेंत पातळ भाजी, सुकी भाजी, मिरचीचं भजं, बन. पणजीतल्या हिंदू घराची सकाळ ही अशी असते, आणि या फेऱ्या तिला हातही लावत नाहीत. सगळं खाणं पोर्तुगीज, सगळ्या भिंती पिवळ्या-निळ्या, एवढंच दाखवायचं ठरलेलं असतं. चारनंतर पदेराकडची, म्हणजे पाववाल्याकडची, गरम पोय, ३१ जानेवारी रस्त्याजवळच्या जुन्या बेकरीतला एखादा गोड पदार्थ. अंधार पडला की गाड्यावरचं रोस ऑम्लेट, म्हणजे ऑम्लेटवर शागुतीचा रस, आणि चोरीस-पाव, म्हणजे पावात डुकराच्या मांसाचं सॉसेज. फोंतेन्हास ते शेजारचं सांतोमे रमतगमत वीस मिनिटांत होतं. त्याआधी मळ्यात फोंत फेनिक्सचा झरा बघा. या लहान झऱ्यांवरूनच वाड्याला नाव पडलं. वर टेकडीवर मारुतीचं देऊळ आहे, तिथपर्यंत चढा. बहुतेक गाइड पायथ्यावरून परत फिरतात, चर्चच्या चित्रात देऊळ बसत नाही म्हणून असेल.

तावेर्नात मात्र बसायचं. एका संध्याकाळी एकच. सातनंतर जा, चौघांनी एक टेबल धरा, मोबाइल खिशात ठेवा. कोकणी येत नसेल तर मराठीत बोला, कुणाचं काही अडत नाही. फेणी काचेच्या ग्लासात मागा. आमच्याकडे जुने लोक पाणी घालून प्यायचे. तुम्ही लिमका, मीठ, लिंबाची फोड आणि उभी चिरलेली हिरवी मिरची घालून घ्या. हुर्राकही असाच पितात. काजूचा वास झेपला नाही तर माडाची मागा, ती सौम्य असते. आधी वास घ्या, मग घोट. घाई केलीत तर वास तेवढा लक्षात राहील आणि पुण्यात जाऊन फेणी घाण असते म्हणून सांगाल.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. सगळ्या फेऱ्या सारख्या नसतात. दोन वर्षांपूर्वी सांतोमेत मी एक गाइड बाई पाहिली. पाच पाहुणे, प्रत्येकाचा स्वतःचा ग्लास आणि स्वतःचे पैसे. आत जाताना तिने आधी बसलेल्यांना विचारलं, चालेल ना? अर्धा तास सगळे बसले, ती स्वतः दहा वाक्यंही बोलली नसेल. अशी मिळाली तर डोळे मिटून जा. काही छोट्या बारना या फेऱ्यांनी आधार दिलाय हेही मी ऐकलंय आणि खोटं म्हणणार नाही. हुर्राक हवा असेल तर मार्च ते मे, इतर वेळी तो नसतोच. घरांवर फोटो काढू नका असे फलक दिसतील, ते पाळा. आत माणसं राहतात, कुणी आजारी असतं, कुणाचं मूल झोपलेलं असतं. आणि फेणी घेऊन स्कूटर चालवायची नाही.

दादासाठी एक हिशोब इथे लिहून ठेवते, कारण तो हे वाचेल आणि कारण तुमच्या प्रश्नाशी त्याचा संबंध आहे. बाबांची वही माझ्याकडे आहे. तेव्हा कोप तीस रुपयांना होता. एका फेरीचे पाच कोप, दीडशे रुपये. महिन्याला आठ फेऱ्या, बाराशे. यायचे थांबले ते तिघं रोज दोन-दोन कोप घ्यायचे, महिन्याचे सव्वीस दिवस. ते होतात चार हजार सहाशे ऐंशी. लक्ष्मी कुठल्या दारातून गेली ते यात स्वच्छ दिसतं. २०१८ साली तावेर्न बंद झालं ते बाबांच्या गुडघ्यांमुळे. गराफांव उचलवेना, सत्तरीला जाणं होईना. पर्यटक नाहीत म्हणून ते बंद झालं नाही, आणि बाबांच्या हट्टामुळे तर नाहीच नाही. तियू २०१५ च्या ईस्टरनंतर परत आले. त्याआधी कोरेज्म, म्हणजे ईस्टरआधीचा उपासाचा काळ, पाळत होते. छापखान्यातलेही आले. कोर्टातले आले नाहीत.

तरी गाइड घ्यायचाच असेल तर पैसे भरण्याआधी त्याला एवढंच विचारा की प्रत्येक ठिकाणी किती वेळ बसायचं, आणि आमचा ग्लास कोण भरणार. वीस मिनिटांपेक्षा कमी सांगितलं, किंवा पेले आम्हीच आणतो म्हणाला, तर तेच पैसे दोन संध्याकाळी बारवाल्याच्या हातात द्या.