2016 ची ताउरासी: ठेवायची की उघडायची?

तुमच्या भावाने नेपल्सहून आणलेली 2016 ची ताउरासी, म्हणजे दक्षिण इटलीतली लाल वाइन, येत्या थंडीतच उघडा. "अजून दहा वर्षं ठेवा" असं तिथला दुकानदार म्हणाला ते खोटं नाही, पण तो त्याच्या तळघराच्या हिशेबाने बोलला. तुम्ही ती पुण्यात, बेडरूमच्या कपाटात ठेवलीय. मे महिन्यात तिथे 30-32 अंश सहज होतात. या वाइनला 12 ते 15 अंश लागतात, तेही बारा महिने. जास्त उष्णतेत ती मुरत नाही, शिजते.

आता ती मुरते कशामुळे, ते सांगतो. ताउरासी हे आवेल्लिनो जिल्ह्यातल्या इर्पिनिया या डोंगराळ टापूतलं एक गाव, नेपल्सच्या पूर्वेला. द्राक्ष आल्यानिको, किमान 85 टक्के. मळे 400-500 मीटर आणि त्याहून वर. जमिनीत चिकणमाती, चुनखडी आणि ज्वालामुखीची राख. हे द्राक्ष इतकं उशिरा पिकतं की ऑक्टोबर संपत आला तरी तोडणी चालूच असते, उंचावरच्या गावांत तर नोव्हेंबर उजाडतो. दिवसा ऊन, रात्री गारठा. त्यामुळे साखर भरते पण आंबटपणा जात नाही. वर सालीतलं भरपूर टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य. तरुण ताउरासी प्यायलात तर हिरड्या आवळल्यासारख्या होतात. वर्षं जातात तसे टॅनिन आणि रंगद्रव्यांचे कण एकमेकांत गुंतत जातात, काही गाळ होऊन तळाशी बसतात, आणि तो तुरटपणा मवाळ होतो. म्हणूनच नियमाने ती किमान 3 वर्षं, त्यातलं निदान एक वर्ष लाकडी पिंपात, ठेवल्याशिवाय विकता येत नाही. रिझेर्वा या जास्त मुरवलेल्या प्रकाराला 4 वर्षं.

दुसऱ्या महायुद्धानंतर तिकडे बरेच जण जास्त पीक देणाऱ्या बाहेरच्या जातींकडे वळले. तिथले वाइन उत्पादक आंतोनियो मास्त्रोबेरार्दिनो मात्र स्थानिक द्राक्षांना चिकटून राहिले. त्यांच्या घराण्याची 1968 ची ताउरासी रिझेर्वा जाणकार आजही नावाजतात. डीओसीजी हा इटालियन वाइनचा सर्वोच्च दर्जा तिला मिळाला तो 1993 मध्ये, म्हणजे बराच नंतर. तिला "दक्षिणेचा बारोलो" म्हणतात ते मला खटकतं. बारोलो ही उत्तर इटलीतली नावाजलेली लाल वाइन, रंगाने फिकी, वासाने गुलाबाकडे झुकणारी; ही गडद, धुरकट, काळ्या फळांची. ओळख द्यायला उसना मोठेपणा कशाला?

उघडायच्या आदल्या दिवशी बाटली उभी ठेवा, गाळ खाली बसेल. अर्धा तास फ्रिजमध्ये, मग हलक्या हाताने जगमध्ये ओता आणि दीड-दोन तास तशीच राहू द्या. सोबत मटण हवंच, पण तिखट हात राखून: मिरची आणि 14 टक्क्यांच्या आसपासचं अल्कोहोल एकत्र आलं की जिभेला फक्त जाळ कळतो.

आणि हो, आजच बूच बघून घ्या. ते वर सरकलं असेल किंवा बाटलीच्या गळ्याशी चिकट ओघळ असेल, तर बहुधा उष्णता आधीच लागलीय. मग थंडीचीही वाट पाहू नका.