खरी ब्राह्मी कुठली, आणि पाकिटावरचं ‘मेध्य’ म्हणजे काय?

प्रश्न असा आलाय की आईला हल्ली विसरायला होतं म्हणून दुकानातून ब्राह्मीचं चूर्ण आणलं, पाकिटावर ‘मेध्य’ लिहिलंय, पण गावी परसात जिला सगळे ब्राह्मी म्हणतात तिचं पान आणि पाकिटावरच्या चित्रातलं पान अजिबात जुळत नाही. मग खरी कुठली?

गावची ती बहुतेक मंडूकपर्णी असणार. आमच्याकडे मोरीचं पाणी जायचं तिथे पसरलेली असायची, जमिनीलगत धावणारा वेल, एकेका लांब देठावर एकच गोल पान, देठापाशी खाच आणि कडेला बारीक कातर. आजी त्याची खोबरं घालून चटणी करायची आणि तिला कारिवणा म्हणायची, गोव्याकडे हीच एकपानी. चित्रातली दुसरी म्हणजे नीरब्राह्मी, ओलसर जागी वाढणारी, तिची पानं छोटी, मांसल, चमच्यासारखी आणि जोडीजोडीने, फूल पांढरट-जांभळं. चव इतकी कडू की हिंदीत तिला जलनीम म्हणतात. ह्या दोघी एकमेकींच्या दूरच्याही नात्यातल्या नाहीत, पण महाराष्ट्रात आणि उत्तरेत ब्राह्मी म्हणून पहिली सर्रास खपते, तर केरळात ब्राह्मी म्हटलं की दुसरीच.

हा घोळ भेसळीतून झालाय असं मला वाटत नाही, तो शब्दातच आहे. ब्राह्मी हे मुळात विशेषण, ब्रह्माची ती ब्राह्मी, म्हणून ब्राह्मी लिपी, गीतेतली ‘ब्राह्मी स्थिती’, आणि सरस्वतीचंही ते नाव. बुद्धीला चांगली म्हणून एखाद्या वनस्पतीला ही पदवी द्यावी असं कोणालाही वाटू शकतं आणि पदवी एकीपुरतीच राहील कशी? सुश्रुताच्या आयुर्वेदावरच्या ग्रंथात, उपचारांच्या चिकित्सास्थान ह्या भागात, मेधा आणि आयुष्य वाढवण्यावरचा जो अध्याय आहे त्यात मंडूकपर्णीचा रस वेगळा सांगितलाय आणि ब्राह्मीचा वेगळा, म्हणजे तेव्हा फरक स्वच्छ होता. भावप्रकाश ह्या आयुर्वेदाच्या ग्रंथात, म्हणजे साधारण सोळाव्या शतकात, दोघींची नावं शेजारीशेजारी येतात आणि मंडूकपर्णीचे गुण ‘तद्वत्’, तसेच, असं म्हणून पुढे जातात. गुण सारखे म्हटल्यावर बाजारात नावही एक व्हायला कितीसा वेळ लागणार! आणि गंमत बघा, आयुर्वेदाच्या दुसऱ्या जुन्या ग्रंथात चरकाने चार मेध्य रसायनं (रसायन म्हणजे इथे शरीराला बळ देणारं औषध) एकत्र सांगितली आहेत, मंडूकपर्णी, ज्येष्ठमध, गुळवेल आणि शंखपुष्पी, त्यात ब्राह्मी हे नावच नाही, विशेष मान आहे तो शंखपुष्पीला. (तिचीही तीच कथा, कुठे विष्णुक्रांता शंखपुष्पी म्हणून चालते तर केरळात चक्क गोकर्ण.)

आता मेध्य. हा शब्द मला फार आवडतो कारण त्याला दोन अर्थ आहेत. एक मेध म्हणजे यज्ञ ह्यावरून, यज्ञाला चालेल असं, पवित्र. त्याचा उलटा अमेध्य, गीतेच्या सतराव्या अध्यायात तामसी अन्नाला तोच शब्द आहे. दुसरा मेधा ह्यावरून, मेधेला हितकर ते मेध्य, आणि पाकिटावर हा दुसरा. पण मेधा म्हणजे नुसती बुद्धी नाही. अमरकोश हा जुना संस्कृत शब्दकोश म्हणतो ‘धीर्धारणावती मेधा’, जी धारण करते, धरून ठेवते ती बुद्धी म्हणजे मेधा. म्हणून मेध्यचं भाषांतर ‘बुद्धिवर्धक’ करतात ते मला पटत नाही, त्यातलं धरून ठेवणं निसटतं.

हे मी शब्दाच्या प्रेमापोटी ताणत नाहीये. ऑस्ट्रेलियात 40 ते 65 वयाच्या 76 लोकांवर नीरब्राह्मीची एक चाचणी झाली होती, निष्कर्ष 2002 साली छापून आले. तीन महिने औषध घेतल्यावर नवीन गोष्ट शिकण्याचा वेग वाढला नाही, पण शिकलेलं विसरणं कमी झालं. म्हणजे धारणाच की! अर्थात चाचणी लहान होती आणि डिमेन्शियाच्या पेशंटवर नव्हती, परिणामही आठवड्याभरात दिसणारा नाही, काहींना पोटाचा त्रास होतो तो वेगळा. आणि मुख्य म्हणजे ती चाचणी नीरब्राह्मीची, तिचा दाखला देऊन मंडूकपर्णीची पुडी विकली तर तो दाखला त्या पुडीला लागू होत नाही. त्यामुळे पाकिटावर बारीक अक्षरात लॅटिन नाव असतं ते आधी वाचा, बाकोपा मोनिएरी म्हणजे नीरब्राह्मी, सेंटेला एशियाटिका म्हणजे तुमच्या परसातली.

आईचं विसरणं नवीन असेल किंवा वाढत असेल तर मात्र आधी डॉक्टरांना दाखवा, थायरॉईड किंवा बी-12 कमी असल्यानेही असं होतं आणि ते साध्या रक्ताच्या तपासणीत कळतं. चालू गोळ्या असतील तर चूर्णाचंही त्यांना सांगा.

आणि तुमच्या गावी त्या गोल पानाला ब्राह्मीखेरीज दुसरं काही नाव असेल तर नक्की कळवा, कारिवणा हा शब्द आमच्या आजीनंतर घरात कोणाच्या तोंडी राहिलेला नाही.