घारीच्या आभाळात ड्रोन

वाचकांचे प्रश्न, काकांची उत्तरं

प्रश्न : काका, सा. न. मी हडपसरला राहतो, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. दोन वर्षं पैसे साठवून २४९ ग्रॅमचा ड्रोन घेतला. गेल्या महिन्यात सासवडजवळ मामाच्या सीताफळाच्या बागेवर दुपारी साडेबाराला उडवत होतो. बांधावरच्या नीलगिरीवरून घार उठली आणि तिने दोनदा झेप घेतली. दुसऱ्या झेपेला ड्रोन कलंडला, मी घाबरून घाईघाईने खाली उतरवला, एक पातं तुटलं. घार मात्र उडून गेली. मामा म्हणतो, पुढच्या वेळी दोन सुतळी बॉम्ब लाव, फिरकणार नाही. ड्रोनवर मोठ्या डोळ्यांचे स्टिकर लावले तर घार घाबरते, असंही कुणी सांगितलं. नक्की काय करू?

उत्तर : आधी मामाला सांग, फटाके अजिबात नकोत. घार वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहे. शिवाय त्या नीलगिरीवर काय आहे ते तुम्ही दोघांनी अजून पाहिलेलं दिसत नाही. माझा अंदाज, शेंड्याच्या जरा खाली, जाड बेचक्यात काटक्यांचं घरटं असणार. नीट बघ, त्यात चिंध्या, सुतळ्या, प्लास्टिकचे तुकडेही खोचलेले दिसतील. आपल्याकडे हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत घारींची वीण चालते. अंडी उबायला महिनाभर लागतो, पिल्लू उडायला आणखी दीड-दोन महिने. तेवढे दिवस त्या झाडाभोवती कुणीही फिरकलेलं तिला चालत नाही. तुझा ड्रोन तिला खायचा नव्हता, घालवून द्यायचा होता.

म्हणून पुढच्या खेपेला ड्रोन पिशवीतच राहू दे. बांधापासून लांब, सावलीत अर्धा तास बस आणि झाडाकडे बघ. घार त्याच फांदीकडे पुन्हा पुन्हा येत असेल, चोचीत काटकी किंवा पायात भक्ष्य असेल, तर घरटं नक्की. मग मे संपेपर्यंत बागेच्या त्या टोकाला उडवायचं नाही. दुसऱ्या टोकाला उडव, तेही ती जागची उठत नसेल तरच.

दुसरी गोष्ट वेळेची. तरुणपणी मी वेताळ टेकडीवर बाल्सा लाकडाची ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनची छोटी विमानं, उडवायचो. ग्लायडरवाला आभाळात आधी घार शोधतो. ती पंख न हलवता गोल गोल वर चढत असली की तिथे तापलेली हवा वर उठतेय हे कळतं, आणि आपलं विमान तिच्या शेजारी नेऊन सोडायचं. ड्रोनवाल्याने बरोबर याच्या उलट वागायचं. सकाळी नऊ-दहानंतर जमीन तापते, हवा उठते, घारी तिच्यावर स्वार होतात, आणि दुपारी चार-साडेचारपर्यंत आभाळ भरलेलं असतं. तू नेमका त्या गर्दीत शिरलास. उजाडल्यानंतरच्या तास-दीड तासात हवा गार आणि शांत असते, घारी बहुधा फांदीवर पंख आवरून बसलेल्या असतात. ऊनही तिरपं पडतं, त्यामुळे बागेचे फोटो दुपारपेक्षा कितीतरी सुंदर येतील. मटणाच्या दुकानांच्या आणि कचरा डेपोच्या आसपास मात्र कुठल्याच वेळी नको.

आता झेपेविषयी. तू ड्रोन खाली आणलास. घाबरल्यावर सगळे तेच करतात, पण घार वरून आणि मागून येते आणि खाली निसटणारी वस्तू पकडणं हे तिचं रोजचं काम आहे. सरळ उभं वर चढणं तिला जड जातं, ड्रोनला जात नाही. ती घिरट्या सोडून ड्रोनच्या रोखाने पंख मारू लागली की थ्रॉटल, म्हणजे ड्रोन वर-खाली नेणारी दांडी, पूर्ण वर. वर गेलास की झाडापासून दूर सरक, ती मागे फिरेपर्यंत थांब आणि मग सावकाश उतरव. यासाठी वर मोकळी जागा राखून ठेवावी लागते. ग्रीन झोनमध्ये, म्हणजे परवानगीशिवाय उडवता येतं त्या भागातही, १२० मीटर, म्हणजे ४०० फूट, ही मर्यादा आहे. तू ११५ मीटरवर तरंगत असशील तर पळणार कुठे? मी स्वतः पन्नास-साठ मीटरच्या वर क्वचितच जातो. हे सगळं करायला बॅटरीही हवी, त्यामुळे घारी दिसत असतील तर चाळीस टक्क्यांनाच परत फिरायचं.

‘रिटर्न टू होम’चं बटण दाबून मोकळं व्हावंसं वाटतं, पण पक्षी मागे असताना ते दाबू नकोस. ड्रोन ठरलेल्या उंचीवर जाऊन सरळ रेषेत, एकाच वेगाने घरी निघतो. पक्ष्याला याहून सोपं काय हवं? २०२० च्या जुलैत अमेरिकेतल्या मिशिगन राज्याच्या पर्यावरण खात्याचा ड्रोन किनाऱ्याची धूप मोजत होता. सिग्नल तुटक यायला लागला म्हणून चालकाने तो परत बोलावला, आणि परतीच्या वाटेवर गरुडाने त्याचं पातं उपटलं. ड्रोन सरोवराच्या तळाशी गेला.

मी सगळ्यात जास्त भर देईन तो सोबत्यावर. तुझे डोळे स्क्रीनवर असतात, कॅमेरा पुढे आणि खाली बघतो, आणि घार वरून येते. म्हणून मामाला शेजारी उभं कर. त्यांनी स्क्रीनकडे बघायचंच नाही, फक्त आभाळ बघायचं आणि ‘डावीकडून आली’, ‘वर चढली’ एवढंच सांगायचं. शेतात वावरणाऱ्या माणसाला घारीची चाल आपल्यापेक्षा लवकर कळते. घारीची कापरी, लांबट शीळ ऐकू आली तरी सावध व्हायचं, बऱ्याचदा ती झेपेच्या आधी येते.

स्टिकरवर मी पैसे घालणार नाही. घरट्याजवळची घार खऱ्या माणसाच्या डोक्यावर झेपावते, कागदी डोळ्यांनी ती कितीशी घाबरेल? चकचकीत पट्ट्या सेन्सरसमोर आल्या तर नवीनच घोळ. पात्यांचे गार्ड घरात ठीक आहेत. माळावरच्या वाऱ्यात ते शिडासारखे वारा धरतात आणि बॅटरी लवकर संपते. आणखी एक हिशेब कर. तुझा ड्रोन २४९ ग्रॅमचा आहे. २५० ग्रॅमपर्यंत तो नॅनो, त्यापुढे मायक्रो. स्टिकर, गार्ड असं काहीबाही लावलंस तर वजनाचा वर्ग बदलतो आणि त्याबरोबर नियमही.

तुझ्या पत्रातलं ‘घार मात्र उडून गेली’ हे वाक्य वाचून मला बरं वाटलं. २०१८ च्या एप्रिलमध्ये मुळशीच्या रस्त्याला मी ड्रोन उतरवत असताना आंब्याच्या झाडातून शिक्रा, हा छोटा शिकारी पक्षी, सुटला. मला तो दिसलाच नाही, कारण मी एकटा होतो आणि स्क्रीनकडे बघत होतो. ड्रोनचं एक पातं गेलं, ते नव्वद रुपयांत आलं. शिक्र्याच्या पंखाचं हाड मोडलं होतं. खोक्यात घालून मी त्याला पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या लोकांकडे नेलं, नंतर तीनदा बघायला गेलो. त्याचे ते पिवळे डोळे माझ्यावर रोखलेले असायचे. तो परत उडाला नाही. त्या दिवसापासून मी सोबत्याशिवाय एकदाही ड्रोन वर नेलेला नाही.

तुझ्यावर अशी वेळ आली तर पक्ष्यावर सुती कापड टाकून त्याला भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात ठेव. चोचीत पाणी ओतू नकोस. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन कर.

ड्रोनचं म्हणशील तर तुटलेल्या पात्याबरोबर त्याच मोटरचं दुसरं पातंही बदल. उरलेल्या पात्यांच्या कडेवरून नख फिरव, केसाएवढी चीर डोळ्याला दिसत नाही पण नखाला लागते. मोटर बोटाने फिरवून खरखर येते का बघ. बॅटरी जराही फुगलेली वाटली तर ती वापरायची नाही.

आणि हो, हडपसरला ग्लायडिंग सेंटर आहे, तिथे खरी माणसं हवेत असतात. ड्रोन कुठे उडवता येतो ते दाखवणारा नकाशा बघितल्याशिवाय घराजवळ कुठेही उडवू नकोस.

प्रश्न : काका, आम्ही कोथरूडला. मुलगा सोसायटीच्या गच्चीवर छोटा ड्रोन उडवतो. मे महिन्यात कावळे घोळक्याने त्याच्यावर येतात आणि त्याच्या डोक्यावरही टोचा मारतात. टोपी घालून उडवू द्यावा का?

उत्तर : ताई, नको. समोरच्या झाडात घरटं असणार. पावसाळा लागेपर्यंत गच्ची कावळ्यांना सोडा. पिल्लं उडाली की ते आपोआप शांत होतात. गच्चीवर संक्रांतीपासून अडकलेला मांजा असेल तर या सुट्टीत मुलाकडून तो काढून घ्या. ड्रोनच्या पात्यात तो गुंततोच, पक्ष्यांच्या पंखांतही गुंततो.

प्रश्न : काका, पुण्याबाहेरच्या माळरानावर ड्रोन जमिनीवर ठेवला की टिटवी किंचाळत अंगावर येते. ड्रोन वर गेला की त्याच्यामागेही लागते. एवढा लहान पक्षी ड्रोनचं काय बिघडवणार?

उत्तर : ड्रोनचं फार नाही. काळजी तिच्या अंड्यांची आहे. टिटवी घरटं बांधत नाही, खड्यांतच तीन-चार अंडी घालते, आणि ती खड्यांसारखीच दिसतात. तू कदाचित त्यांच्यापासून दहा पावलांवर उभा असशील. २०२१ च्या मे महिन्यात कॅलिफोर्नियातल्या बोल्सा चिका इथे सुरय या पाणपक्ष्यांच्या वसाहतीत एक ड्रोन पडला. हजारो पक्षी घाबरून उडाले ते परत आलेच नाहीत, सुमारे दीड हजार अंडी वाया गेली. आपल्याकडे एप्रिल-मेच्या उन्हात टिटवी पाण्यात पोट भिजवून येते आणि त्या ओलाव्याने अंडी गार ठेवते. तू तिला जेवढा वेळ हवेत ठेवशील तेवढा वेळ अंडी उघड्यावर तापतात. ती ओरडायला लागली की ड्रोन पिशवीत टाक आणि आलास त्याच पावलांवरून, खाली बघत, परत फीर.