वेरूळहून परतताना दौलताबादचा किल्ला दोन तासांत बघून होतो का?

नाही होत. दोन तासांत चाँदमिनार बघाल, भारतमाता मंदिरापुढे फोटो काढाल, फाटकावर सीताफळं घ्याल आणि घरी जाऊन ‘किल्ला केला’ म्हणून सांगाल. आमच्या दाजींनी वर्षानुवर्षं हेच केलं.

दाजी पुण्याचे. राजगड-तोरणा तोंडपाठ. ‘देवगिरी (दौलताबादचं जुनं नाव) म्हणजे हरलेल्यांचा किल्ला, महाराजांचा त्याच्याशी काय संबंध?’ हे त्यांचं पालुपद. एका दिवाळीत त्यांना वर नेलंच. खंदकापाशी थांबवून म्हटलं, डोंगर तासून उभा केलेला कडा बघा, लावा इथे घोरपड! मग अंधारीत, म्हणजे वर जाणाऱ्या काळोख्या भुयारात शिरलो आणि मी मुद्दाम मोबाईलचा टॉर्च बंद केला. वटवाघळांच्या लेंड्यांचा उग्र दर्प, एक पायरी वीतभर तर दुसरी गुडघ्याएवढी. शत्रू इथवर आलाच तर वरच्या तोंडाशी शेगडी पेटवून धूर आत सोडायचा, अशी सोय. काळोखातून आवाज आला, ‘लाव गं बाई तो टॉर्च.’

वरच्या बारादरीत, म्हणजे महालात, घोटभर पाणी पोटात गेल्यावर पुन्हा सुरू : ‘एवढं असून पडला कसा?’ अहो, १२९६ला अल्लाउद्दीन खिलजी आला तेव्हा इथल्या यादव राजाचा, रामदेवरावाचा मुलगा शंकरदेव फौज घेऊन बाहेर गेलेला. वर घाईघाईत धान्य म्हणून चढवलेल्या पोत्यांत मीठ निघालं, असं सांगतात. खायलाच नाही म्हटल्यावर रामदेवराव तह करेल नाहीतर काय करेल?

आणि संबंध म्हणाल तर जिजाऊंचे वडील लखुजीराव जाधव १६२९ साली निजामशाहाने याच किल्ल्यात दग्याने मारले, मुलांसकट. सिंदखेडचे हे जाधव देवगिरीच्या यादवांचेच वंशज मानले जातात. महाराजांच्या आजोबांचं रक्त सांडलेली जागा, आणि हे विचारतात संबंध काय! दाजी गप्प. घरी आल्यावर मात्र ताईला म्हणाले, ‘हिने आदल्या रात्री गूगल केलं असणार.’ केलं होतं. म्हणून काय खोटं ठरतं?

तर तुम्ही उलटं करा. संभाजीनगरहून किल्ला वेरूळच्या वाटेवरच, पंधराएक किलोमीटरवर आहे. सकाळी उन्हाच्या आत आधी तो चढा, वेरूळ नंतर. मंगळवारी वेरूळची लेणी बंद असतात, तो वार टाळा. गुडघे दुखत असतील तर वरपर्यंत जायचा हट्ट नको, गणपतीच्या देवळापर्यंत गेलात तरी पुष्कळ. सोबत कुणी आमच्या दाजींसारखं असेल, तर टॉर्च तेवढा स्वतःकडे ठेवा.