हृदय बंद पडलं, तर जवळचं रुग्णालय की मोठं?

प्रश्न : माझ्या काकांचं हृदय घरीच बंद पडलं. शेजाऱ्यांनी छाती दाबली, १०८ च्या रुग्णवाहिकेत शॉक दिल्यावर ठोके परत आले. जवळच्या रुग्णालयात आयसीयू होता, पण कॅथ लॅब (नळी घालून हृदयाच्या रक्तवाहिन्या तपासण्याची आणि उघडण्याची सोय) नव्हती. चौथ्या दिवशी काका गेले. थेट मोठ्या हृदयरुग्णालयात नेलं असतं तर ते वाचले असते का? घरात सगळ्यांच्या मनाला हेच लागून राहिलंय.
(एक वाचक, सातारा)

उत्तर : याचं उत्तर काकांच्या ईसीजीत आहे. त्यात एसटी एलिव्हेशन, म्हणजे हृदयाची रक्तवाहिनी पूर्ण बंद झाल्याची खूण असेल, तर कॅथ लॅब असलेल्या रुग्णालयात लवकर पोचण्याने फरक पडतो. मात्र ठोके परत आल्याआल्या काढलेला ईसीजी फसवू शकतो. मधल्या काळात हृदयाच्याच स्नायूला रक्त मिळालेलं नसतं, त्यामुळे पहिल्या सात-आठ मिनिटांत ही खूण उगाचच दिसू शकते. म्हणून आठ-दहा मिनिटांनी तो पुन्हा काढायचा असतो.

एसटी एलिव्हेशन नसेल, तर काय? नेमका हाच प्रश्न लंडनमध्ये तपासला गेला. २०१८ ते २०२२ या काळात ठोके परत आलेल्या, पण एसटी एलिव्हेशन नसलेल्या ८६२ रुग्णांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागणी केली. निम्मे चोवीस तास कॅथ लॅब चालू असलेल्या सात विशेष केंद्रांकडे गेले, निम्मे सर्वांत जवळच्या आपत्कालीन विभागात. तीस दिवसांत दगावलेल्यांचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच निघालं : ६३ टक्के. त्याआधीच्या नोंदींमध्ये मोठ्या केंद्रांचे आकडे चांगले दिसत, पण तिथे मुळात बरी स्थिती असलेलेच रुग्ण जास्त पोचत असण्याची शक्यता होती.

कारण असं, की जिवंत दाखल होऊन नंतर दगावणाऱ्यांतले बहुतेक जण मेंदूच्या इजेने जातात. ती इजा मुख्यतः रक्तप्रवाह थांबलेल्या मिनिटांत होते. नंतर रक्तवाहिनी उघडून ती भरून येत नाही. नेदरलँड्समधल्या २०१९ च्या अभ्यासातही अशा रुग्णांत तातडीने अँजिओग्राफी केल्याने जगण्याचं प्रमाण वाढलं नाही.

तेव्हा ईसीजीत ती खूण नसेल, तर रुग्णालय चुकलं असा दोष कुणीही स्वतःला लावून घेऊ नये. शेजाऱ्यांनी छाती दाबली, ही त्या दिवसातली सगळ्यांत मोलाची गोष्ट होती.

एक मात्र सांगायलाच हवं. लंडनमधलं ‘जवळचं रुग्णालय’ म्हणजे व्हेंटिलेटर, आयसीयू आणि रात्रीही हजर असलेले प्रशिक्षित डॉक्टर. हा निष्कर्ष यातलं काहीच नसलेल्या नर्सिंग होमला लावता येणार नाही.

प्रश्न : ठोके परत आलेलेच नसतील, तर गाडीत घालून मोठ्या रुग्णालयात न्यावं का?
(एक वाचक, नाशिक)

उत्तर : नाही. धावत्या गाडीच्या मागच्या सीटवर छाती नीट दाबता येत नाही, आणि छाती न दाबता गेलेल्या प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता साधारण सात ते दहा टक्क्यांनी घटते. जमिनीवर पाठीवर झोपवा. १०८ लावा, फोन स्पीकरवर ठेवा. छातीच्या मधोमध, मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाबा. दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्या. दोन मिनिटांनी माणूस बदला, कारण दमलेल्या हातांचा दाब नकळत उथळ होतो. जवळपास एईडी (हृदयाला शॉक देणारं स्वयंचलित यंत्र) असेल तर तो आणायला दुसऱ्याला पिटाळा.

प्रश्न : दाखल झाल्यावर नातेवाइकांनी डॉक्टरांना काय विचारावं? दोनच दिवसांत ‘आता आशा नाही’ म्हणाले, तर?
(एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : ऑक्सिजन ९४ ते ९८ टक्क्यांदरम्यान आहे का, सरासरी रक्तदाब (वरच्या-खालच्या आकड्यांवरून काढलेला, ‘एमएपी’) ६५ च्या वर टिकतोय का, ताप चढू दिला जात नाही ना, फिटसारखे झटके येत असल्यास ईईजीची (मेंदूतल्या विद्युत लहरींच्या नोंदीची) सोय आहे का, हे विचारा. पूर्वी शरीर ३३ अंशांपर्यंत थंड करत. २०२१ च्या मोठ्या अभ्यासात त्याचा जादा फायदा दिसला नाही. ताप रोखणं मात्र महत्त्वाचं मानलं जातं. हे सगळं करायला कॅथ लॅब लागत नाही, चोवीस तास जागरूक आयसीयू लागतो.

आशेबद्दलचा निर्णय ७२ तासांआधी सहसा घेऊ नये. झोपेची औषधं दिलेली असतात. यकृत आणि मूत्रपिंडं मंदावल्यामुळे ती शरीरात रेंगाळतात आणि रुग्ण आहे त्याहून वाईट भासतो. ‘झोपेचं औषध कधी बंद केलं?’ असं स्पष्ट विचारा. बाहुलीची प्रकाशाला प्रतिक्रिया, ईईजी, सीटी किंवा एमआरआय यांपैकी एकावर विसंबून नव्हे, तर अनेक चाचण्या एकाच दिशेला बोट दाखवत असतील तरच निष्कर्ष काढतात. या चाचण्यांची सोय नसेल, तर रुग्ण स्थिर झाल्यावर व्हेंटिलेटर असलेल्या रुग्णवाहिकेतून दुसरीकडे हलवण्याची मागणी करणं रास्तच आहे.