लॅब्राडोर हाकेला येत नाही. विजेचा झटका देणारा पट्टा घ्यावा का?

दहा महिन्यांच्या लॅब्राडोरला असा पट्टा कृपया घालू नका. दहा मीटर लांब दोरी आणि उकडलेल्या कलेजीचे नखाएवढे तुकडे यांनी हाकेला धावत येण्याची सवय व्यवस्थित लागते. ब्रिटनमधील लिंकन विद्यापीठाच्या २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, नेमक्या याच आज्ञेसाठी, पट्टा वापरणारे अनुभवी प्रशिक्षकही बक्षीस देऊन शिकवणाऱ्यांहून सरस ठरले नाहीत, आणि वेल्समध्ये तर असे पट्टे वापरण्यास २०१० पासून बंदी आहे. शिकाऱ्याने टिपलेला पक्षी हळुवार तोंडात धरून आणण्यासाठीच लॅब्राडोरसारखे रिट्रीव्हर कुत्रे घडवले गेले, त्यामुळे चेंडू फेकणे हेही त्यांना मोठे बक्षीस वाटते. बहिऱ्या कुत्र्याला हाक म्हणून केवळ थरथरणारा पट्टा मात्र उपयोगी पडतो. तोही काही तासांनी काढून, केस बाजूला सारून, पट्ट्याच्या अंगाला टेकणाऱ्या टोकांखालची त्वचा लाल झाली नाही ना, हे पाहावे.